घरगुती संगणकावरील माहितीचे जतन : खडकवासला परिसराच्या संदर्भात राखीव प्रतींचा विचार

गोषवारा

महाविद्यालयीन अध्यापकाचे लेखन, संशोधनाची आधारसामग्री, विद्यार्थ्यांचे मूल्यमापन आणि कौटुंबिक दस्तऐवज यांचा मोठा भाग आज घरातील संगणकावर साठविलेला असतो. या माहितीची राखीव प्रत, म्हणजेच रूढ शब्दांत बॅकअप, ठेवावी हे सर्वांस मान्य आहे. मात्र कोणत्या प्रतीस राखीव प्रत म्हणावे याविषयी पुरेशी स्पष्टता आढळत नाही. मूळ प्रत ज्या कारणाने नष्ट होऊ शकते त्याच कारणाने जी प्रत नष्ट होऊ शकते ती खऱ्या अर्थाने राखीव नव्हे, हा विचार खडकवासला व पुणे परिसरातील पुरांच्या संदर्भात प्रस्तुत लेखात मांडला आहे. त्यास अनुसरून घरगुती पातळीवर अवलंबिता येईल अशी कार्यपद्धती सुचविली आहे.

बीजसंज्ञा : राखीव प्रत, बॅकअप, सामायिक कारण, ३-२-१ नियम, पुनर्स्थापना, युनिकोड, कूटबद्धीकरण.

१. प्रस्तावना

संगणक ही विकत मिळणारी वस्तू आहे. तो बिघडला तर दुसरा घेता येतो. त्यावरील कार्यप्रणाली आणि आज्ञावल्याही पुन्हा बसविता येतात. परंतु दहा वर्षांच्या क्षेत्रभेटींच्या नोंदी, मुलाखतींचे ध्वनिमुद्रण, प्रबंधाचे अपूर्ण प्रकरण, अंतर्गत मूल्यमापनाचे गुणतक्ते किंवा दिवंगत आप्तांची छायाचित्रे बाजारात मिळत नाहीत. संगणकाची किंमत आणि संगणकातील माहितीची किंमत या दोन भिन्न गोष्टी असून पहिलीचा विमा उतरविता येतो, दुसरीचा येत नाही.

संशोधनाच्या बाबतीत हा फरक विशेष महत्त्वाचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीनंतर पीएच. डी. प्रबंधांच्या इलेक्ट्रॉनिक प्रती इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’ या भांडारात जमा होऊ लागल्या. त्यामुळे मान्यता पावलेला प्रबंध बऱ्याच अंशी सुरक्षित झाला. परंतु ज्या प्रश्नावल्या, तक्ते, ध्वनिफिती आणि टिपणे यांच्या आधारे तो सिद्ध झाला, ती सामग्री बहुधा संशोधकाच्या घरीच राहते. निष्कर्षांस कोणी आव्हान दिल्यास अथवा त्याच विषयाचे पुढील काम हाती घेतल्यास हीच सामग्री लागते. ती एकाच चकतीवर असेल तर संशोधनाचा पायाच एका यंत्रावर अवलंबून राहतो.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या हानीचे एक ठळक उदाहरण आहे. महानुभाव परंपरेनुसार म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली आणि पुढे अनुयायांनी ती स्मरणाच्या आधारे पुन्हा उभी केली. त्यातून निरनिराळे पाठ निर्माण झाले आणि मूळ शब्द कोणता, हा प्रश्न अभ्यासकांपुढे कायमचा उभा राहिला. त्या अनुयायांस ग्रंथ मुखोद्गत होता. गुणतक्ते व आकडेवारी मात्र कोणासही मुखोद्गत नसते.

२. खडकवासल्याचा पूर्वानुभव

पुण्याच्या नैर्ऋत्येस मुठा नदीवर असलेले खडकवासला धरण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधले गेले. २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झालेल्या या गावाच्या परिसरात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आणि केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधान केंद्र या राष्ट्रीय संस्था आहेत. धरणाच्या वरच्या अंगास पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणे असून त्यांचे पाणी खडकवासल्यातूनच पुढे जाते. आज पानशेतची उपयुक्त साठवणक्षमता सुमारे १०.६५ अब्ज घनफूट, तर खडकवासल्याची केवळ १.९७ अब्ज घनफूट आहे. वरच्या मोठ्या जलाशयांतून एकाएकी पाणी आले तर खालचा लहान जलाशय ते फार काळ अडवू शकत नाही, हे या आकड्यांवरून लक्षात येते.

१२ जुलै १९६१ रोजी हेच मोठ्या प्रमाणावर घडले. अंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण पहिल्याच पावसाळ्यात, बांधकामाचा काही भाग अपुरा असताना भरले व सकाळी फुटले. त्याचा लोंढा खडकवासल्यात आला आणि दुपारी जुने दगडी धरणही फुटले. नदीकाठच्या पेठांत आणि डेक्कन जिमखाना भागात पाणी शिरले. असंख्य कुटुंबांचे घर आणि घरातील कागदपत्रे एकाच दिवशी गेली. त्याचबरोबर शहरास नळाने मिळणारे पाणी खडकवासल्यावर अवलंबून असल्याने पाणीपुरवठाही खंडित झाला आणि नागरिकांस जुन्या विहिरींकडे वळावे लागले.

या घटनेत माहितीच्या जतनाच्या दृष्टीने दोन बाबी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी, की नदीवर दोन धरणे होती, तथापि ती एकाच प्रवाहात होती. वरचे धरण फुटणे हेच खालचे फुटण्याचे कारण ठरले. संख्येने दोन असणे आणि परस्परांपासून स्वतंत्र असणे या निराळ्या गोष्टी आहेत. दुसरी अशी, की नळाचे पाणी थांबल्यावर ज्या विहिरी उपयोगी पडल्या, त्या नळयोजनेहून सर्वस्वी वेगळ्या व्यवस्थेच्या होत्या. जुन्या आणि गैरसोयीच्या असूनही त्या उपयोगी पडल्या, कारण धरण फुटल्याचा त्यांच्यावर परिणाम झाला नव्हता.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यास आलेल्या पुराने दक्षिण पुण्यातील अनेक वसाहतींत पाणी शिरले. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेकहून अधिक विसर्ग झाल्यानंतर सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीसारख्या नदीलगतच्या भागांत तळमजले पाण्याखाली गेले आणि बचावकार्यासाठी लष्कराची मदत घ्यावी लागली. अशा प्रसंगी माणसे आणि औषधे बाहेर काढली जातात. टेबलाखाली ठेवलेला संगणक आणि त्याच्या खणातील हार्ड डिस्क यांचा विचार करण्यास त्या वेळी अवधी नसतो. तो विचार आधीच झालेला असावा लागतो.

३. राखीव प्रत म्हणजे काय आणि काय नव्हे

राखीव प्रतीची व्याख्या अशी करता येईल : मूळ माहिती नष्ट, दूषित अथवा अप्राप्य झाल्यास जिच्यापासून ती पुन्हा उभी करता येते अशी, मूळ प्रतीपासून स्वतंत्रपणे ठेवलेली प्रत. या व्याख्येच्या कसोटीवर प्रचलित सवयी तपासल्यास पुढील समजुती अपुऱ्या ठरतात.

(अ) त्याच संगणकावरील दुसरा फोल्डर : ‘डी’ ड्राईव्हवर प्रत ठेवली म्हणजे माहिती सुरक्षित झाली, अशी समजूत सर्वत्र आढळते. ‘सी’ आणि ‘डी’ हे बहुधा एकाच भौतिक चकतीचे दोन भाग असतात. चकती निकामी झाली की दोन्ही जातात.

(आ) पेन ड्राईव्हवर हलविलेली फाईल : जागा अपुरी पडू लागली की जुन्या फाईली पेन ड्राईव्हवर किंवा बाह्य हार्ड डिस्कवर हलविल्या जातात आणि संगणकावरून काढून टाकल्या जातात. यात प्रतींची संख्या वाढत नाही, एकमेव प्रतीचे स्थान तेवढे बदलते. पेन ड्राईव्ह हे ने-आण करण्याचे साधन आहे. तो सहज हरवतो आणि दीर्घकाळ न वापरता ठेवल्यास त्यातील विद्युत्भार क्षीण होऊन माहिती वाचता न येण्याची शक्यता असते.

(इ) समक्रमण : गूगल ड्राईव्ह, वनड्राईव्ह यांसारख्या सेवा संगणकावरील फोल्डर आणि दूरस्थ साठा, म्हणजेच क्लाउड, यांत एकसारखेपणा राखतात. परंतु एकसारखेपणा राखणे म्हणजे चूकही तितक्याच तत्परतेने पोहोचविणे होय. घरी एखादी फाईल पुसली गेली की ती दूरस्थ साठ्यातूनही पुसली जाते. गूगल ड्राईव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते, त्यानंतर कायमची नाहीशी होते. परीक्षेच्या काळात झालेली चूक निकालाच्या वेळी लक्षात आली, तर ही मुदत उलटून गेलेली असते.

(ई) जोडचकत्या : काही संगणकांत दोन चकत्यांवर एकाच वेळी लेखन होते. एक चकती निकामी झाली तरी काम थांबत नाही, हा तिचा लाभ आहे. मात्र चुकीने पुसलेली फाईल दोन्ही चकत्यांवरून पुसली जाते आणि विजेचा तडाखा, चोरी किंवा पाणी यांपुढे दोन्ही एकच असतात.

४. सामायिक कारणाचे गणित

राखीव प्रतींमुळे धोका किती कमी होतो हे साध्या संभाव्यतेने समजून घेता येईल. मोठ्या साठवणकेंद्रांतील हार्ड डिस्कविषयी बॅकब्लेझ ही कंपनी नियमितपणे आकडेवारी प्रसिद्ध करते. अलीकडच्या वर्षांत तेथील चकत्या निकामी होण्याचे वार्षिक प्रमाण साधारणतः एक ते दोन टक्के आढळते. घरातील उष्णता, धूळ आणि विजेचा चढउतार वेगळा असल्याने हे प्रमाण घरास जसेच्या तसे लागू होत नाही, परंतु उदाहरणासाठी वर्षाला दोन टक्के धरू.

एकच प्रत असेल तर ती वर्षभरात जाण्याची शक्यता १०० मध्ये २ आहे. दोन चकत्या पूर्णतः स्वतंत्र असतील आणि बिघडलेली चकती वर्षभर बदलली नाही, तरीही दोन्ही जाण्याची शक्यता १०,००० मध्ये ४ इतकीच राहते. आता घरास पूर, आग अथवा चोरी यांचा धोका वर्षाला १०० मध्ये १ आहे असे गृहीत धरू. दोन्ही चकत्या त्याच घरात असतील, तर दोन्ही जाण्याची एकूण शक्यता १०,००० मध्ये सुमारे १०४ होते, म्हणजे स्वतंत्र चकत्यांच्या तुलनेत सुमारे २६ पट. त्याच घरात तिसरी चकती आणून ठेवली तरी ही शक्यता १०,००० मध्ये १०० च्या खाली जात नाही, कारण उरलेला जवळजवळ सर्व धोका घराचा असतो, चकतीचा नसतो. याउलट दोनच प्रती ठेवून त्यांपैकी एक अन्य ठिकाणी ठेवली, तर दोन्ही स्थळांस समान धोका धरूनही ही शक्यता १०,००० मध्ये सुमारे ९ पर्यंत उतरते.

वरील आकडे गृहीतकांवर आधारित असले तरी त्यांतून निघणारा निष्कर्ष गृहीतकांवर फारसा अवलंबून नाही. सामायिक कारण दूर केल्याविना प्रतींची संख्या वाढविण्यास मर्यादित अर्थ आहे.

जगातील मोठ्या संस्थाही या चुकीपासून मुक्त नाहीत. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या माहिती केंद्रास आग लागली. ज्या ग्राहकांच्या राखीव प्रती त्याच आवारात होत्या, त्यांपैकी अनेकांची माहिती परत मिळाली नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय माहिती केंद्रास लागलेल्या आगीत शासकीय कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फाईलींचा सुमारे ८५८ टेराबाइटचा साठा नष्ट झाला. त्याची बाहेर प्रत नव्हती. महाराष्ट्रातही २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास लागलेल्या आगीत अनेक विभागांच्या कागदी नस्त्या जळाल्या. माध्यम कागदाचे असो वा चुंबकीय, एका छपराखालील सर्व प्रतींचे भवितव्य एकच असते.

५. ३-२-१ नियम आणि त्याची घरगुती अंमलबजावणी

अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ३-२-१ हा नियम या विवेचनाचे सार थोडक्यात सांगतो. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक अन्य स्थळी असावी. तीन प्रतींत मूळ प्रतही मोजली जाते. अध्यापकाच्या घरी हा नियम पुढीलप्रमाणे पाळता येतो.

पहिली प्रत म्हणजे रोजच्या वापरातील संगणकावरील मूळ फाईली. कामाच्या सर्व फाईली एकाच मुख्य फोल्डरखाली ठेवाव्यात. डेस्कटॉप, डाउनलोड आणि भ्रमणध्वनी अशा तीन ठिकाणी विखुरलेल्या फाईलींची राखीव प्रत कोणतीही आज्ञावली पूर्णत्वाने घेऊ शकत नाही.

दुसरी प्रत बाह्य हार्ड डिस्कवर असावी. विंडोजमध्ये २०१२ पासून ‘फाईल हिस्टरी’, तर अॅपलच्या संगणकांत २००७ पासून ‘टाइम मशीन’ ही सोय उपलब्ध आहे. दोन्ही विनाशुल्क असून बदललेल्या फाईलींच्या जुन्या आवृत्त्याही जपतात. प्रत घेऊन झाल्यावर चकती संगणकापासून काढून ठेवावी. कोरडेपणासाठी सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात आणि शक्य तो उंच फळीवर ठेवावी. मावळपट्टीलगतच्या दमट पावसाळ्यात ही काळजी अनाठायी नाही.

तिसरी प्रत घराबाहेर असावी. त्यासाठी दोन मार्ग आहेत. एक दूरस्थ साठ्याचा, दुसरा दुसऱ्या बाह्य चकतीचा. दुसरी चकती महाविद्यालयातील कुलूपबंद कपाटात, सहकाऱ्याकडे किंवा परगावच्या आप्तांकडे ठेवता येते. मात्र स्थळ निवडताना अंतरापेक्षा धोक्याचे वेगळेपण पाहावे. सिंहगड रस्त्यावर नदीकाठी राहणाऱ्या अध्यापकाने त्याच काठावरील दुसऱ्या तळमजल्यावर प्रत ठेवली, तर स्थळ बदलले तरी प्रवाह तोच राहतो. नदीपासून दूर, चढावरील घर किंवा सातारा, नाशिक यांसारखे दुसरे गाव अधिक योग्य होय.

दोन मार्गांची तुलना वेळेच्या दृष्टीने उद्बोधक ठरते. १०० गिगाबाइट माहिती सेकंदाला १० मेगाबिट या अपलोड वेगाने दूरस्थ साठ्यात पाठविण्यास सुमारे २२ तास लागतात. तीच माहिती सेकंदाला १०० मेगाबाइट वेगाने बाह्य चकतीवर उतरविण्यास सुमारे १७ मिनिटे पुरतात. म्हणून छायाचित्रे, चलच्चित्रे आणि ध्वनिफिती यांसाठी चकती, तर लेख, तक्ते आणि चालू प्रबंध यांसाठी दूरस्थ साठा, अशी विभागणी व्यवहार्य आहे. गूगलचा १५ गिगाबाइटचा विनाशुल्क साठा मजकुराच्या फाईलींस सामान्यतः पुरेसा होतो.

संस्थेने दिलेल्या खात्याविषयी येथे सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. ‘शैक्षणिक संस्थांस अमर्याद साठा’ हे गूगलचे धोरण २०२२ पासून संपुष्टात आले आणि संपूर्ण संस्थेस १०० टेराबाइटची सामायिक मर्यादा लागू झाली. शिवाय निवृत्ती, बदली अथवा कंत्राट संपल्यानंतर संस्थेचे खाते बंद होऊ शकते. व्यक्तिगत गूगल खातेही सलग दोन वर्षे न वापरल्यास ते काढून टाकण्याचा अधिकार कंपनीने डिसेंबर २०२३ पासून वापरण्यास आरंभ केला आहे. दूरस्थ साठा ही एक प्रत आहे, एकमेव प्रत नव्हे.

६. पूर्ण प्रत, वाढीव प्रत आणि मागील आवृत्त्या

प्रत्येक वेळी सर्व फाईलींची नक्कल करणे म्हणजे पूर्ण प्रत. मागील प्रतीनंतर जे बदलले तेवढेच टिपणे म्हणजे वाढीव प्रत. हजेरीपटाचा दाखला घेतल्यास, दर महिन्यास संपूर्ण हजेरीपट पुन्हा लिहून काढणे ही पूर्ण प्रत आणि रोजच्या अनुपस्थितांची वेगळी चिठ्ठी ठेवणे ही वाढीव प्रत होय. दुसरी पद्धत जलद आहे, परंतु एक चिठ्ठी गहाळ झाली तर पुढचा हिशेब चुकतो. म्हणून वाढीव प्रतींच्या जोडीस ठरावीक काळाने एक पूर्ण प्रत घ्यावी.

मागील आवृत्त्या जपण्याची आवश्यकता खंडणीखोर विषाणूंमुळे, म्हणजे रॅन्समवेअरमुळे, अधिक भासू लागली आहे. हे विषाणू संगणकावरील फाईली कूटबद्ध करून त्या उघडण्यासाठी खंडणी मागतात. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक ग्रासले. ज्या त्रुटीतून तो शिरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिली होती. संगणकास कायम जोडून ठेवलेली बाह्य चकतीही अशा विषाणूच्या आवाक्यात येते. त्यामुळे जोडणी काढलेली चकती हाच सर्वांत साधा उपाय ठरतो. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षासाहाय्य मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली असल्याने जुने संगणक वापरणाऱ्यांनी याची विशेष नोंद घ्यावी.

७. पुनर्स्थापनेची चाचणी

राखीव प्रत घेतली जाणे आणि तिच्यापासून माहिती परत मिळणे यांत अंतर असते. १९९८ मध्ये पिक्सार या चित्रपटसंस्थेत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या फाईली चुकीच्या आज्ञेमुळे मोठ्या प्रमाणात पुसल्या गेल्या. संस्थेकडे टेपवर राखीव प्रती होत्या, पण त्या अपुऱ्या असल्याचे गरजेच्या वेळी उघड झाले. तांत्रिक पर्यवेक्षक गॅलिन सुसमन या बाळंतपणामुळे घरून काम करीत असल्याने त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची एक प्रत होती. तिच्या आधारे काम पुन्हा उभे राहिले. त्या घरगुती संगणकाने संस्थेस वाचविले हा योगायोग होता. नियोजनाने वाचविले असते, तर ती व्यवस्था म्हटली गेली असती.

घरी ही चाचणी अवघड नाही. दर सत्रात एकदा राखीव चकतीवरून चार-पाच फाईली दुसऱ्या संगणकावर उतरवून उघडून पाहाव्यात. त्यांत एक जुनी फाईल, एक मोठी ध्वनिफीत आणि एक मराठी मजकुराची फाईल असावी. उघडत नसेल तर ती प्रत नाही, असेच समजावे. हार्ड डिस्क बिघडल्यावर प्रयोगशाळेत माहिती परत मिळविण्याचा मार्ग असतो, मात्र तो खर्चीक आणि अनिश्चित आहे. नव्या एसएसडी चकत्यांवरून पुसलेली माहिती परत मिळण्याची शक्यता त्याहून कमी असते.

८. मराठी फाईलींचा विशेष प्रश्न

मराठीतून लिहिणाऱ्या अध्यापकांसमोर आणखी एक अडचण आहे. १९९० च्या दशकापासून पुढे बराच काळ मराठी मजकूर श्री-लिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या प्रणालींच्या निरनिराळ्या टंकांत लिहिला गेला. या टंकांत प्रत्येकाची अक्षरसंकेतांची व्यवस्था वेगळी होती. संबंधित टंक संगणकावर नसेल, तर फाईल सुरक्षित असूनही पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे व चिन्हे दिसतात. पेजमेकरमध्ये जुळविलेल्या नियतकालिकांची स्थिती याहून कठीण आहे, कारण त्या आज्ञावलीची ७.० ही आवृत्ती शेवटची ठरली आणि पुढे तिचा विकास थांबला.

अशा फाईलींची राखीव प्रत घेताना तीन गोष्टी कराव्यात. एक, मूळ फाईलीसोबत तिचा टंकही जतन करावा. दोन, मजकूर परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणावा आणि जोडाक्षरे, रफार व अंक यांची मुद्रितशोधनाप्रमाणे तपासणी करावी. तीन, पानाचे रूप टिकविण्यासाठी पीडीएफ-ए स्वरूपात एक प्रत करावी. हे स्वरूप २००५ मध्ये दीर्घकालीन जतनासाठी आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारले गेले. केवळ पीडीएफ पुरेशी नाही, कारण जुन्या टंकातील पीडीएफमध्ये मजकूर दिसतो, पण शोधता किंवा पुन्हा वापरता येत नाही. ज्यांनी हा मजकूर टंकलिखित केला ते अध्यापक आणि ज्यांना टंकाचे नाव ठाऊक आहे ते मुद्रक सेवेत असेतोवर हे काम सुलभ आहे. विलंबाबरोबर ते दुष्कर होत जाईल.

९. कुलूप आणि किल्ली

राखीव प्रत म्हणजे माहितीची आणखी एक प्रत, आणि म्हणून ती चुकीच्या हाती पडण्याची आणखी एक शक्यता. गुणतक्ते, जातप्रमाणपत्रे, दूरध्वनी क्रमांक यांसारखी विद्यार्थ्यांची माहिती व्यक्तिगत स्वरूपाची असते. अंकीय व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये संमत झाला आहे. त्यामुळे घराबाहेर ठेवावयाची चकती कूटबद्ध करणे इष्ट होय.

परंतु कूटबद्धीकरणाचाही धोका आहे. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून जपले. त्या लिप्यांची किल्ली पंथाबाहेर ठाऊक नसल्याने विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी ती उलगडेपर्यंत हे वाङ्मय इतर अभ्यासकांस बंद राहिले. तेथे किल्ली जाणणारा समुदाय जिवंत होता. संगणकाच्या परवलीच्या शब्दास असा समुदाय नसतो. विंडोज ११ असलेल्या अनेक नव्या संगणकांवर चकतीचे कूटबद्धीकरण आपोआप सुरू असते आणि त्याची पुनर्प्राप्ती-किल्ली हरविल्यास चकती शाबूत असूनही माहिती मिळत नाही. ही किल्ली व मुख्य परवलीचे शब्द कागदावर लिहून घराच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावेत, चकतीच्या डब्यात ठेवू नयेत आणि कुटुंबातील एका विश्वासू व्यक्तीस ते कोठे आहेत हे सांगून ठेवावे.

१०. सुचविलेले वेळापत्रक

अध्यापकाच्या कामाची लय आठवडा, महिना आणि सत्र यांनी बांधलेली असते. राखीव प्रतींचे वेळापत्रक त्याच लयीत बसविल्यास ते पाळले जाण्याची शक्यता वाढते.

(अ) दररोज : चालू लेखन आणि गुणनोंदी असलेला फोल्डर दूरस्थ साठ्याशी आपोआप जोडलेला असावा.

(आ) दर आठवड्यास : ठरलेल्या वारी बाह्य चकती जोडून वाढीव प्रत घ्यावी आणि चकती काढून ठेवावी.

(इ) दर महिन्यास : घराबाहेरील चकती आणि घरातील चकती यांची अदलाबदल करावी. त्यामुळे बाहेरची प्रत एक महिन्याहून जुनी राहत नाही.

(ई) दर सत्रास : पूर्ण प्रत घ्यावी व पुनर्स्थापनेची चाचणी करावी. एक सत्र मे अखेरीस, म्हणजे पावसाळ्यापूर्वी, येईल असे पाहावे.

(उ) दर चार-पाच वर्षांनी : चकत्या बदलाव्यात आणि कालबाह्य स्वरूपातील फाईलींचे रूपांतर करावे.

महाविद्यालयाच्या पातळीवर ग्रंथालयात अध्यापकांच्या कूटबद्ध चकत्यांसाठी कुलूपबंद कपाट ठेवणे, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षामार्फत वर्षातून एक चाचणीदिन ठरविणे आणि जुन्या टंकांचा एक सामायिक संग्रह करणे, या तीन गोष्टी अल्प खर्चात होण्याजोग्या आहेत.

११. निष्कर्ष

घरगुती संगणकावरील माहितीचे जतन हा उपकरणांचा प्रश्न कमी आणि स्वातंत्र्याचा प्रश्न अधिक आहे, म्हणजे प्रती परस्परांपासून किती स्वतंत्र आहेत याचा. चकती, घर, खाते, टंक आणि परवलीचा शब्द यांपैकी ज्या एका गोष्टीवर सर्व प्रती अवलंबून असतील, तिच्या नाशाबरोबर सर्व प्रती नष्ट होतात. म्हणून अध्यापकाने ‘प्रती किती आहेत’ याबरोबरच ‘एका घटनेत त्यांपैकी किती जातील’ हाही प्रश्न विचारावा. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘सर्व’ असे असेल, तर एक प्रत आजच्या आज घराबाहेर नेणे हे पहिले काम होय.